शिसवाखालचा म्हसोबा

कुणाच्या घरी शिसवी पलंग दिसला की माझं डोकं फिरतं. घरधनी कौतुकानं त्याच्या खुरावर हात फिरवतो, ‘आजोबांच्या वेळचा आहे, अजून वाळवीनं तोंड लावलेलं नाही’ असं सांगतो, आणि मी चहाचा कप खाली ठेवून उगाच खिडकीबाहेर बघत बसतो. लोकांना वाटतं म्हातारा तिरसट आहे. आहेच. पण तिरसटपणालाही काही कारण लागतं. माझं कारण परभणीहून झरीकडं जाणाऱ्या गाडीवाटेला लागून, आमच्या विहिरीशेजारच्या बांधावर उभं होतं.

आमचा मुलूख बाभळीचा. सुताराचं मन बाभळीवर असं म्हणतात. आमच्या गावच्या सुताराला मन दुसरीकडं ठेवायला जागाच नव्हती. बाभळ नाहीतर लिंब. त्यात आमच्या बांधावर हे एकच शिसवाचं झाड. कुणी लावलं, कधी लावलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत चौदा-पंधरा हात ओळंब्यात धरल्यासारखा सरळ. सुतार आमच्या रानात आला की आधी झाडाजवळ जायचा आणि बैलाला थोपटावं तसं बुंध्याला थोपटायचा. “वरचं दोन बोटं पांढरं तासून फेकायचं. आतलं काळं तेवढं खरं. तासताना वाकसाची धार जाती, पन लाकूड जात न्हाई,” असं त्याचं ठरलेलं वाक्य. गावात शिसवाच्या मोजून तीन वस्तू होत्या. एका घरी मुसळ होतं, ते हळद कुटायला प्रत्येक लग्नघरी फिरायचं आणि बायका ते आळीपाळीनं उचलायच्या. एका गाडीच्या चाकाचा मधला तुंबा होता. आणि आमच्याच घरी तिफणीचं चाडं होतं, ज्यातून बी पेरतात ते. आजोबांनी वापरलं, वडिलांनी वापरलं, आमच्या हातांनी ते आणखी काळं झालं होतं.

पण गंमत अशी की झाड आमच्या बांधावर, सावली आमची, पालापाचोळा आमचा, आणि लाकूड मात्र सरकारचं. निजामाच्या राज्यात अशी भारी झाडं परवान्याशिवाय तोडायची सोय नव्हती. आपल्याच झाडाला कुऱ्हाड लावायची तर कचेरीचा कागद पाहिजे. आणि ज्याच्याकडं कागद असेल त्यानं तुमच्या झाडाला कुऱ्हाड लावली, तर तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं.

असा कागदवाला एक गुत्तेदार एका उन्हाळ्यात आमच्या भागात उतरला. टांग्यातून फिरायचा, चांगलं झाड दिसलं की गेरूनं खूण करायला लावायचा. मागून त्याचे लाकूडतोडे यायचे आणि गाड्या भरून पूर्णेच्या स्टेशनावर न्यायचे. शेजारच्या दोन गावांतली शिसवं त्यानं अशीच झोपवली. पुढच्या आठवड्यात आमच्या शिवाराची पाळी होती. थोरला भाऊ हात चोळत बसला. मी तेव्हा ऐन पंचविशीत, चार बुकं उर्दू शिकलेला, आणि स्वतःला गावातला सगळ्यात शहाणा माणूस समजणारा.

“दादा,” मी म्हटलं, “त्याच्या कागदाला आपन देव लावू.”

भर दुपारी, सगळा गाव जेवून आडवा झालेला असताना आम्ही दोघं ओढ्यावर गेलो. मीच दगड निवडला. हातभर उंच, वर निमुळता, जरा खांदे असल्यासारखा. दादानं तो खांद्यावर घेतला. झाडाच्या बुंध्याशी वीतभर खड्डा करून बसवला, तेलात शेंदूर कालवून त्याला फासला, खडूच्या दोन टिकल्यांचे डोळे केले. जुनाट दिसावा म्हणून मी त्याच्यापुढं नारळाच्या वाळक्या करवंट्या टाकल्या आणि कोंबड्याची चार पिसं खोचली. म्हसोबा तयार झाला. माझी बायको तेव्हा माहेरी होती. ती आली तेव्हा देव महिन्याचा जुना झाला होता, आणि आपलं बिंग बायकोला कशाला सांगा, म्हणून मी तिलाही काही बोललो नाही.

गुत्तेदाराच्या लाकूडतोड्यांनी दगड बघितला, पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि कुऱ्हाडी खांद्यावर टाकून निघून गेले. गुत्तेदार टांग्यातूनच पानाची पिंक टाकून पुढं गेला. दादा आणि मी विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसून पोट धरून हसलो. एवढं आम्ही दोघं परत कधी एकत्र हसलो नाही.

त्यानंतर लगेच एका धनगरानं आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या. त्या साली आजूबाजूच्या गावांत मेंढ्यांना रोग लागला होता, ह्याची एकही दगावली नाही. आमचं रान गावापासून लांब, दुसऱ्या कळपांचा तिथं वारा नाही, हे सरळ कारण. पण धनगराला कारण झाडाखाली दिसलं. त्यानं म्हसोबाला एडका कापला आणि गावजेवण घातलं. खोटं कशाला बोलू, मटण मीही खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. पुढच्या अमावास्येला चार बायका नारळ घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या अमावास्येला दहा. कुणीतरी ओटा बांधला. मग दादाचा बैल पोटफुगीतून उठला. दादानं त्याच्या आदल्याच दिवशी म्हसोबाला नारळ बोलला होता.

“दादा, आरं आपल्याच दगडाला नारळ?” मी चेष्टा केली.

दादा आधी हसला. मग दर अमावास्येला दिवा घेऊन जायला लागला. पुढं पुढं मी चेष्टा केली की तो हसेनासा झाला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

अशी काही वर्षं गेली आणि आमच्या घराची तुळई खचली. माळवदाचं घर. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक मोठी तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, त्यांच्यावर काटक्या आणि वर हातभर मातीचा थर. सगळा भार त्या एका लाकडावर. आमची तुळई लिंबाची होती आणि तिला आतून कीड लागली होती. भाकरी खाताना ताटात पिवळा भुगा पडायचा. चैत्रात तिला मधोमध चीर गेली. सुतारानं खालून बघितलं, बोट घालून बघितलं आणि म्हणाला, “पाऊस पडून माती भिजली का ही काय थांबत न्हाई.”

त्याच खोलीत माझ्या बायकोचं बाळंतपण व्हायचं होतं. तिची आई वारलेली, माहेरी करणारं कुणी नाही. तिचे दिवस आषाढात भरत होते. म्हणजे हाताशी दोन-अडीच महिने.

बाभळीची तुळई होत नाही. बाभळ हातभर सरळ गेली की वाकडी होते. सागवान किनवटकडच्या रानातून आणावं लागलं असतं, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि आमच्या बांधावर तर चौदा हात सरळ, कीड न लागणारी, चार पिढ्या टिकणारी तुळई उभी होती. मी उड्या मारत सुताराला हे सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि वाकस घासत बसला.

“परवाना न्हाई म्हनून भितोस काय? परवाना मी आनतो,” मी म्हटलं.

परवान्यासाठी मी पाच खेपा केल्या. उर्दूत दरखास्त लिहिली, घोटून घोटून सुंदर लिहिली. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला दरखास्तीचा कागदच बरोबर नव्हता. तिसऱ्या खेपेला कारकून म्हणाला, ‘कल आइए’. चौथ्या खेपेला झाडाचा घेर विचारला, तो मी सांगितला, तर म्हणे पटवाऱ्याकडून लिहून आणा. पाचव्या खेपेला एकदाची मोहोर बसली. वैशाखाच्या उन्हात परत चालताना कागद मी फेट्याच्या पदरात बांधला होता आणि मनातल्या मनात तुळई चढवतही होतो. घरी न जाता थेट सुताराच्या दारात गेलो आणि कागद त्याच्यासमोर उलगडला.

त्याला उर्दू येत नव्हतं. त्यानं मोहोर तेवढी बघितली.

“ह्यो सरकारचा झाला, मालक,” तो म्हणाला. “देवाचा कागद कुठं हाय?”

मला एवढा संताप आला की मी तिथंच ओरडायला लागलो. म्हटलं, कसला देव? ओढ्यातला दगड आहे तो, मी आणलाय, ह्या हातांनी शेंदूर फासलाय! सुतारानं माझ्याकडं दयेनं बघितलं. उन्हातून आलेल्या माणसाकडं बघावं तसं. बायकोला सांगून त्यानं मला पाणी द्यायला लावलं, आणि मग समजूत काढली. “कौल लावा. देवानं उजवा दिला तर उद्याच करवत लावतो. माजा काय नकार न्हाई.”

कौल लावायचा म्हणजे भिजवलेले ज्वारीचे दोन दाणे देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायचे. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. मला वाटलं, हरकत नाही. दोन दाण्यांतला एक तर पडणार. निम्मं राज्य आपलं.

गाव जमलं. सुतारानं अंघोळ करून दाणे लावले. डावा पडला.

मी म्हटलं परत लावा. कौल तीनदा लावता येतो. ह्या खेपेला मी जवळ जाऊन बघितलं. दगडाचा डावा खांदा उतरता होता. घरंगळता म्हणावा इतका. उजवा चांगला सपाट, दाणा वर्षभर बसून राहील असा. ओढ्यावर दगड निवडताना मला काय माहीत की पुढं ह्याच्या खांद्यावर माझं घर टांगलं जाणार आहे! दुसरा कौल मीच लावला, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून डाव्या दाण्याखाली ओल्या शेंदराचा चांगला गोळा दाबला. आता उजवा पडेल. नाही पडला. दोन्ही चिकटून राहिले. आम्ही ऊन डोक्यावरून उतरेपर्यंत तिथं बसून राहिलो. मुंग्या आल्या, दाण्यांभोवती फिरून गेल्या, पण एकही दाणा हलेना.

“देव बोलायलाच तयार न्हाई,” सुतार म्हणाला. हे डाव्याहून वाईट झालं.

तिसरा दादानं लावला. हात जोडले, डोळे मिटले, मनापासून लावला. डावा दाणा त्याचं बोट निघायच्या आत खाली आला.

घरी येताना मी दादाला वाटेत अडवला. दुसऱ्या कुणी नाही म्हटलं तरी चालेल, पण ह्या माणसानं दगड स्वतःच्या खांद्यावरून आणला होता. “दादा, तू तरी खरं बोल. कुठून आनला आपन त्यो?”

“वड्यातून,” दादा म्हणाला.

“मग?”

“मग काय? आनला तवा दगड व्हता.” आणि तो पुढं चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच कुऱ्हाडीला धार लावायला बसलो. एवढं झाड एकट्यानं पाडणं मला जमलं नसतं, पण रागाच्या भरात माणूस डोंगर खणायला निघतो. बायको दारात येऊन उभी राहिली. पोट चांगलं दिसत होतं तिचं. ती फारशी बोलणारी नव्हती, आणि माझ्यासमोर आवाज चढवणारी तर नव्हतीच.

“कुनीकडं निघालाव?”

“तुळई आनायला.”

“आना. पन त्या लाकडाखाली मी निजनार न्हाई. लेकराला घेऊन गोठ्यात ऱ्हाईन.”

“अगं ही तुज्यासाठीच करायलोय की मी!”

“माज्यासाठी करायलाव तर करू नका,” ती म्हणाली आणि आत गेली.

तिला मी त्या रात्री सगळं सांगितलं, करवंट्या आणि पिसांसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आसंल. पन देवाबद्दल आसं बोलू नये.” मी कुऱ्हाड कोपऱ्यात टाकली. जिच्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणून सगळ्यांशी भांडलो तिलाच ते नको होतं. आता कुणाशी भांडायचं?

तुळईला आम्ही बाभळीचे तीन टेकू दिले. वाकडे, तोडलेल्या फांद्यांचे खुंट बाहेर आलेले, खोलीच्या मधोमध. जाता-येता डोक्याला लागायचे. आषाढात मुलगी झाली, चांगली झाली. टेकूला झोळी बांधली होती. गावातल्या बायका येऊन म्हणायच्या, बघा, म्हसोबानं राखलं. मी ओसरीवर बसून दात खायचो. सुतार घरी आला की टेकू हलवून बघायचा आणि निघून जायचा. त्याच्यावरही माझा राग होता, पण त्याचं कसब त्याला खात होतं हे मला दिसत होतं.

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं, ऊन पडलं, आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकून रानात गेलो. बायको तेवढी घरी चुलीपाशी होती. माळवदाच्या मातीनं तीन दिवस प्यालेल्या पाण्याचा भार आता तुळईला पेलवत नव्हता. आधी तुळई मोडली. तिनं तो आवाज ऐकला, झोळीतली मुलगी उचलली आणि दाराकडं धावली. मुलीसकट उंबऱ्यावर पडली आणि मागून माळवद खाली आलं. अर्धी बाहेर, अर्धी आत. आम्ही माती उपसून तिला काढली तेव्हा मुलगी तिच्या छातीशी रडत होती, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. बायकोचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावल्या, पाला बांधला. पाय जुळला, पण आखूड जुळला. दिवाळीनंतर ती उठून चालायला लागली ती लंगडतच, आणि मरेपर्यंत लंगडतच चालली. त्यातही तिचं म्हणणं असं की जिवावर आलं होतं ते पायावर निभावलं. बरी झाल्यावर पहिला नारळ तिनं म्हसोबाला फोडला. मला बरोबर नेलं. मी गेलो. तिला एकटीला बांधावरून चालवत नव्हतं.

मी तिला एकदाही म्हटलं नाही की हा पाय त्या दगडानं मोडला आणि तो दगड मी आणला. तीही मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडण करून मोकळे झालो असतो. घर आम्ही लहान करून परत उभारलं, दोन तोकड्या तुळया आणि मध्ये खांब असं. शिसवाचं झाड होतं तिथंच होतं. दरवर्षी नवी पालवी फुटायची, आणि मी विहिरीवर गेलो की त्याच्याकडं पाठ करून बसायचो.

मग निजामी बुडाली ते साल आलं. त्या साली कोण कुणाच्या गावात शिरेल याचा भरवसा नव्हता. पोरीबाळींना घेऊन आम्ही पूर्णेला नातलगांकडं गेलो आणि सगळं निवल्यावर महिन्याभरानं परत आलो. घर जागेवर होतं. दुसऱ्या दिवशी मी रानात निघालो तर बायको म्हणाली, मीबी येते, दिवा लावायचा ऱ्हायलाय. सावकाश सावकाश आम्ही गेलो. वाटेवरूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. विहिरीच्या वर आभाळ फार दिसत होतं.

झाड नव्हतं. जमिनीलगत करवतीनं सफाईनं कापलेलं. गाडीच्या चाकोऱ्या बांधावरून थेट मोठ्या वाटेला लागल्या होत्या. कुणी नेलं ते कधी कळलं नाही. त्या दिवसांत कागद कोण मागणार आणि कोण दाखवणार. मी खुंटापाशी उकिडवा बसलो. सुतार सांगायचा ते तोपर्यंत मी नुसतं ऐकलं होतं. कडेला दोन बोटं पांढरं, आणि आत सगळं काळं. जांभळट काळं, मधूनमधून तपकिरी रेघांचं. भुश्याला अजून गोडसर वास येत होता. कुठंही कीड नाही, कुठंही पोकळ नाही. मी तळहात ठेवला आणि मला रडू आलं. दुःखानं नव्हे, रागानं.

म्हसोबा कुठं गेला म्हणून मी मान वर केली.

तो विहिरीपलीकडं, लिंबाच्या सावलीत होता. दहा पावलांवर. त्याच्यासाठी चार दगडांचा नवा ओटा केला होता. अंगावर ताजा शेंदूर होता, पुढं उदबत्तीच्या काड्या होत्या, आणि एक नारळ फोडून दोन्ही वाट्या नीट मांडून ठेवल्या होत्या. ज्यांनी झाड तोडलं त्यांनी कौल लावला नव्हता. त्यांनी देवाला नमस्कार केला, नारळ दिला, उचलून बाजूला नेऊन बसवलं आणि करवत लावली.

बायको लंगडत लंगडत तिथंपर्यंत गेली. हातातला दिवा तिनं खाली ठेवला नाही. दगडाकडं बघितलं, मग खुंटाकडं, मग परत दगडाकडं. मग माझ्याकडं वळली.

“म्हंजी,” ती म्हणाली, “ह्यो उचलता येत व्हता व्हय?”